शंभरातले अकरा

काचेच्या पलीकडं भारतीय वंशाची नऊ माणसं बसली होती. शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या एका हॉटेलातली मीटिंग रूम, टेबलावर सामोसे आणि कोकचे कॅन, आणि एका भिंतीवर भलामोठा आरसा. आरशामागच्या अंधाऱ्या खोलीत बसून कुणीतरी आपलं बोलणं ऐकतंय हे त्या नऊ जणांना आधीच सांगितलेलं होतं, तशी सहीही घेतलेली होती. पण दहा मिनिटं झाली की माणसं आरसा विसरतात. मतदारांचा कल मोजण्याच्या कामात गेल्या सात वर्षांत उपासना गजभियेनं अशा कितीतरी खोल्यांमध्ये बसून हे पाहिलं होतं.

आज मात्र लॅपटॉप उघडून ती नुसती बसली होती. एक अक्षरही टाइप केलं नव्हतं.

सिनेटर नोरा हॅलरन यांनी पक्षाची उमेदवारी जिंकली त्याला दोन आठवडे झाले होते. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक म्हणजे एकामागून एक दोन लढाया. पहिलीत आपल्याच पक्षातल्या कडव्या मंडळींना पटवायचं असतं. तिथं आवाज चढवून बोललेलं चालतं, बऱ्याचदा तसंच बोलावं लागतं. दुसरीत उरलेला देश समोर असतो आणि त्याचे कान नाजूक असतात. प्रचारप्रमुख डग मर्सर या मधल्या काळाला ‘सामान हलकं करणं’ म्हणायचा. शिकागोच्या मुख्य ऑफिसात त्याच्या पांढऱ्या बोर्डावर हॅलरनबाईंनी हिवाळाभर दिलेली चौदा आश्वासनं लिहिलेली होती. प्रत्येकापुढं तीनपैकी एक शेरा पडायचा होता. ठासून बोलायचं, मऊ करायचं किंवा बोलायचंच नाही.

नववं आश्वासन उपासनानं स्वतः लिहून दिलं होतं. नोकरीत, घरभाड्यात, कॉलेजात भेदभावाला बंदी करणाऱ्या देशाच्या कायद्यात वंश, धर्म, लिंग यांच्या जोडीला ‘जात’ हा शब्द घालायचा. मार्चमध्ये ॲरिझोना राज्यात फिनिक्सच्या सभेत हॅलरनबाईंनी ते जाहीर केलं होतं. त्यांच्या शेजारी उभा राहून जवळच्याच चँडलरचा एक चिप इंजिनिअर, अनुप रामटेके, चार मिनिटं बोलला होता. आडनाव कळल्यावर ऑफिसातल्या देशी लोकांची नजर कशी बदलते, एवढंच त्यानं सांगितलं होतं. सभागृह उठून उभं राहिलं होतं. उपासना तेव्हा पडद्यामागं रडली होती, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आली होती.

काचेपलीकडं चर्चा चालवणाऱ्या बाईनं ते आश्वासन वाचून दाखवलं आणि विचारलं, “याबद्दल काय वाटतं?”

इन्शुरन्स कंपनीतला एक गृहस्थ आधी बोलला. शांत, सभ्य माणूस. “हे सगळं आम्ही मागं सोडून आलो. माझ्या मुलाला स्वतःची जात माहीतसुद्धा नाही. आता एचआर त्याला ती विचारणार का?”

त्याच्या शेजारची बाई म्हणाली, “माझा विरोध नाही. पण आपल्यालाच का वेगळं काढायचं? उद्या प्रत्येक इंडियन मॅनेजरकडं लोक संशयानं बघतील.”

तिसरा म्हणाला, चौथी म्हणाली. आवाज कुणीही चढवला नाही. टेबलाच्या टोकाला निळ्या शर्टातला पन्नाशीचा एक माणूस होता. पाण्याच्या दरांवर, शाळांवर तो भरभरून बोलला होता. आता तो समोरच्या पेपर नॅपकिनची घडी घालत होता, उलगडत होता.

“सर, तुम्ही?”

“पास,” तो म्हणाला. “माझं काही मत नाही.”

उपासनानं त्याच्या हातांकडं पाहिलं आणि तिला कळायचं ते कळलं. ऑफिसच्या डब्याच्या टेबलावर, मित्रांच्या घरच्या पार्ट्यांत, कितीतरी वेळा तीही अशीच नॅपकिनची घडी घालत बसली होती. फॉर्मवर मात्र त्याच्यापुढं ‘मत नाही’ अशी नोंद होणार होती.

“तू ठीक आहेस ना?” शेजारून देवयानी लिमयेनं हळूच विचारलं.

देवयानी प्रचारातलं भारतीय मतदारांचं काम बघायची. मूळची पुण्याची. अठरा वर्षांपूर्वी दोघी पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज गावी शिकताना एकाच अपार्टमेंटमध्ये राहिल्या होत्या, एकाच कुकरमध्ये भात लावला होता. उपासनाला या कामात आणलं तेही तिनंच.

“ठीक आहे,” उपासना म्हणाली.

“आत्ताच सांगते, राग नको मानू. हे नोव्हेंबरपर्यंत बाजूला ठेवावं लागणार यार. आधी जिंकू दे तिला. जिंकली तरच काहीतरी करेल ना?”

उपासनानं लॅपटॉप बंद केला. देवयानी खोटं बोलत नव्हती, हीच अडचण होती.

सोमवारी सकाळी आठ वाजता टेलिफोन सर्व्हेचे आकडे आले. ॲरिझोनातले भारतीय वंशाचे नोंदणीकृत मतदार. ते राज्य असं, की दहा-बारा हजार मतांवर निकाल फिरावा. हॅलरनबाईंकडं झुकलेल्या दर शंभर जणांतले अकरा जण नवव्या आश्वासनाचा गाजावाजा झाला तर एकतर घरी बसणार होते, नाहीतर दुसरीकडं जाणार होते.

डगची मीटिंग दहाला होती. उपासनानं आपल्या खोलीचं दार लावून घेतलं. ज्या गणिती मॉडेलातून हे आकडे यायचे ते तिचं होतं. त्यात एक जागा अशी होती की जिथं मत तिचंच चालायचं. मागच्या वेळी मतदान न केलेल्यांना किती वजन द्यायचं, ती जागा. तिनं तिथं वेगळा आकडा घालून पाहिला. अकराचे सहा झाले. सहावर डग ‘मऊ करायचं’ म्हणाला असता, आणि आश्वासन जिवंत राहिलं असतं. हे तिच्याशिवाय कुणाला कळलंही नसतं. विचारलंच तर समर्थन करता आलं असतं. संख्याशास्त्रात समर्थन बहुतेक गोष्टींचं करता येतं.

पावणेदहापर्यंत ती त्या सहाकडं बघत बसली. मग तिनं जुनं वजन परत घातलं, कारण जुनं वजन बरोबर होतं.

“आकडा?” डगनं मार्कर हातात घेऊन विचारलं.

“अकरा.”

“खात्री?”

“एखाद-दोन इकडंतिकडं होईल. पण अकरा धरून चला.”

डग वाईट माणूस नव्हता. तो क्षणभर तिच्याकडं बघत राहिला, मग नवव्या ओळीपुढं त्यानं लिहिलं, बोलायचं नाही. “गुरुवारी चँडलरला लोकांच्या प्रश्नांची सभा आहे. तो मार्चमधला इंजिनिअर स्टेजवर बसणार होता, ते रद्द. वेबसाइटवरचा त्याचा व्हिडिओही खाली घ्या. त्याला कोण कळवणार?”

एक पोरगेला सहायक म्हणाला, ईमेल टाकतो.

“मी जाते,” उपासना म्हणाली. “समोर बसून सांगते.”

बुधवारी संध्याकाळी ती चँडलरला अनुपच्या घरासमोर भाड्याच्या गाडीतून उतरली तेव्हा पारा एकशे अकरा फॅरनहाइटच्या वर होता आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. “जय भीम, ताई, आत या लवकर, भाजून निघाल,” म्हणत अनुपनं दार उघडलं. घरात एसीचा गारवा होता आणि तुरीच्या वरणाचा वास. सोफ्यावर अनुपच्या मावशी, रमाबाई ढोके, पाय वर घेऊन बसल्या होत्या. त्या चौऱ्याऐंशी साली नागपूरहून नर्स म्हणून आल्या आणि तीस वर्षं फिनिक्सच्या हॉस्पिटलात काम करून निवृत्त झाल्या. गळ्यात चष्म्याची दोरी, पायात मोजे.

उपासना पाणी प्यायली आणि तिनं घोळ न घालता सांगून टाकलं. स्टेज रद्द. व्हिडिओ उद्या वेबसाइटवरून निघणार.

अनुपची दहा वर्षांची मुलगी प्रीता डायनिंग टेबलवर होमवर्क करत होती. ती म्हणाली, “बट डॅड, यू प्रॅक्टिस्ड.”

“इट्स ओके, बेटा. तू तुझं कर.”

“अनुपभाऊ, ऑफिसात काय म्हणतात मार्चनंतर?” उपासनानं विचारलं. विचारायला उशीर झाला होता, हे तिला विचारताना जाणवलं.

“म्हणत काहीच नाहीत,” अनुप म्हणाला. “आमचा सात जणांचा शुक्रवारचा लंच ग्रुप होता. एक दिवस ग्रुपवर मेसेज येणं बंद झालं. मला वाटलं, बिझी असतील. मग कॅफेटेरियात सहा जण दिसले. दोन वर्षं जो डिझाइन रिव्ह्यू मी चालवत होतो, तो आता त्या सहांतला शिव चालवतो. कारण विचारलं तर म्हणे, तुझ्यावर लोड जास्त आहे. ग्रीन कार्डची फाइल कंपनीकडं आहे, त्यामुळं मी जास्त विचारत नाही.” तो उठला, एसीचा आकडा उगाच एकानं खाली केला, परत बसला. “आकडा काय आहे ताई?”

“अकरा.”

“सँपल?”

“सहाशे चाळीस.”

“फक्त मतदार?”

“फक्त मतदार.”

“म्हणजे मी नाही त्यात. माझ्यासारखे व्हिसावरचे कुणीच नाहीत.” त्यानं मान हलवली. इंजिनिअरला चूक सापडावी तशी नव्हे. चूक नाही हे कळावं तशी. “आणि तुम्ही त्यांना अकराच सांगितलं?”

“हो.”

“कमी सांगता आलं असतं?”

“आलं असतं. सहा.”

उपासनाला वाटलं, आता हा आपल्याला जा म्हणेल, आणि तसा त्याला हक्कही आहे.

रमाबाईंनी पाय खाली घेतले. “बरं केलंस,” त्या म्हणाल्या. “मी तीस वर्षं चार्ट लिहिले. ताप एकशे तीन असला तर एकशे तीनच लिहायचा. एकदा कमी लिहिला की पुढचा कोणताच चार्ट डॉक्टर मानत नाही.” मग त्यांनी विचारलं, “पण मला तर फोन आला नाही तुमचा. मी मतदार आहे. अठ्ठावीस वर्षं झाली.”

“सगळ्यांना नाही येत, मावशी. आणि आपल्या माणसांना आला तरी ती बोलत नाहीत.” उपासनानं शॉमबर्गच्या त्या निळ्या शर्टवाल्या माणसाचं सांगितलं. त्यानं कशी नॅपकिनची घडी घातली तेही सांगितलं.

रमाबाई ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, “उद्याच्या सभेला यायला तर बंदी नाही ना आम्हाला?”

“नाही. सभा सगळ्यांसाठी आहे.”

“चिठ्ठीवर प्रश्न लिहून द्यायचा असतो म्हणे.”

“हो.” उपासनानं ग्लास खाली ठेवला. “मावशी, त्या चिठ्ठ्या निवडायचं काम माझ्याकडंच आहे.”

“मग मी अक्षर चांगलं काढते,” रमाबाई म्हणाल्या.

गुरुवारी दुपारी तीनपासून हॉल भरायला लागला. चारला सभा होती. पहिल्या तीन रांगा एकनाथकाकांच्या मंडळानं भरल्या होत्या. एकनाथकाका चँडलरमधलं मोठं प्रस्थ. गणपती असो की दिवाळी, शाळेचा हॉल मिळवण्यापासून मेयरना बोलावण्यापर्यंत सगळं त्यांच्या एका फोनवर व्हायचं. यंदा आपल्या मंडळाला हॅलरनबाईंच्या बाजूनं उतरवतो, असं त्यांनी देवयानीला कबूल केलं होतं. आठव्या रांगेत रमाबाई आणि त्यांच्या शेजारी अनुप बसला होता. अनुपनं टाय लावला होता.

स्टेजमागच्या खोलीत देवयानी आणि उपासना चिठ्ठ्या लावत होत्या. दोनशेच्या वर चिठ्ठ्या. त्यातल्या बारा-तेरा घ्यायच्या. पाणी, घरांच्या किमती, चिपचे कारखाने, व्हिसा, शाळेतला गोळीबार. उपासनाच्या हातात ती चिठ्ठी आली तेव्हा तिला ती उघडायच्या आधीच कळलं. मोठं, सुटं, हॉस्पिटलच्या चार्टवरचं अक्षर. ‘मार्चमध्ये तुम्ही जात हा शब्द उच्चारला होता. आज उच्चाराल का? रमाबाई ढोके, निवृत्त नर्स, चँडलर.’

देवयानीनं वाकून वाचली. “ही नाही जाणार.”

“नियमाप्रमाणं इथल्या मतदाराचा प्रश्न आहे. नीट लिहिलाय.”

“उपासना, प्लीज. एकनाथकाकांना मी शब्द दिलाय. आज हा विषय निघणार नाही म्हणून. त्यांनी तीन रांगा भरून माणसं आणलीत.”

“मार्चमध्ये अनुपलाही आपण शब्द दिला होता.”

“तो वेगळा होता.”

“का?”

देवयानी हातातला गठ्ठा उगाच सरळ करू लागली. तिचा चेहरा लाल झाला होता.

“मी ही गठ्ठ्यात लपवून घालणार नाही,” उपासना म्हणाली. “तसं करायचं असतं तर तुला दाखवलीच नसती. मी सिनेटरना जाऊन विचारते.”

“मला डगला फोन करावा लागेल.”

“कर.”

हॅलरनबाई बूट काढून उभ्याउभ्या अर्धं सँडविच खात होत्या. बासष्ट वर्षांच्या, उंच, दिवसातली तिसरी सभा. उपासनानं चिठ्ठी पुढं केली. त्यांनी ती वाचली आणि हातातच ठेवली.

“हा प्रश्न घेतला नाही तर काय होईल?”

“काही नाही. कुणाला कळणारही नाही. त्या बाई घरी जातील.”

“आणि घेतला तर?”

“अकरा.”

“आकडा तुमचाच ना? बरोबर आहे?”

“बरोबर आहे.”

“मग तुम्ही इथं कशासाठी आलात, उपासना?”

तिनं येताना मनात बरंच काही जुळवलं होतं. त्यातलं काही आठवेना. “मी अठरा वर्षं या देशात आहे,” ती म्हणाली. “पहिली दोन वर्षं माझ्या रूममेटलासुद्धा मी सांगितलं नव्हतं मी कोण ते. आडनाव विचारलं की विषय बदलायचे. अनुपनं ते स्टेजवर सांगितलं, तुमच्या शेजारी उभं राहून. त्यानंतर त्याला त्याच्या ऑफिसात जेवायला कुणी बोलावत नाही. आपण त्याचा व्हिडिओ आज सकाळी काढून टाकला. आकडा मी दिलाय आणि तो खरा आहे. पण मला तुम्हाला हेही सांगायचं होतं.”

टेबलावरचा फोन वाजला. डग. बाईंनी स्पीकर चालू केला. “नोरा, ती चिठ्ठी घेऊ नका,” डगचा आवाज आला. “हे राज्य गेलं तर गणित फार कठीण होतं. चार महिने थांबा. फक्त चार महिने.”

“ऐकलं मी,” हॅलरनबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्यांनी बूट घातले, चिठ्ठीची घडी घालून कोटाच्या खिशात टाकली आणि बाहेर गेल्या.

सभा सुरू झाली. उपासना स्टेजच्या कडेला उभी होती, तिच्यासमोर साठ मिनिटांचं उलटं घड्याळ. पाण्याचा प्रश्न झाला. कारखान्यांचा झाला. व्हिसाच्या उत्तरावर पहिल्या तीन रांगांनी टाळ्यांचा कडकडाट केला. एकनाथकाका मागं वळून आपल्या माणसांकडं बघून हसले. घड्याळात वीस मिनिटं उरली, मग बारा. हॅलरनबाई एका शिक्षिकेशी रमून बोलत होत्या. वेळ कसा खाऊन टाकायचा हे त्यांना चांगलं ठाऊक होतं, तिनं पाहिलेलं होतं. सहा मिनिटं. आठव्या रांगेत रमाबाई हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. अनुप घड्याळाकडं बघत नव्हता. जमिनीकडं बघत होता.

चार मिनिटं उरली तेव्हा सूत्रसंचालक म्हणाला, “सिनेटर, समारोप करू या?”

“एक राहिला आहे,” हॅलरनबाई म्हणाल्या, आणि त्यांनी खिशातली चिठ्ठी काढली.

त्यांनी ती नावासकट वाचली.

“मिसेस ढोके कुठं आहेत?”

रमाबाईंनी शाळेतल्या मुलीसारखा हात वर केला.

“मी तुम्हाला खरं ते सांगते,” हॅलरनबाई म्हणाल्या. “मार्चमध्ये मी तो शब्द उच्चारला. या आठवड्यात माझ्या माणसांनी मला सांगितलं, नोव्हेंबरपर्यंत तो उच्चारू नका, त्यानं मतं जातील. ती माणसं हुशार आहेत आणि त्यांचा हिशेब बरोबर आहे. त्यामुळं मी रोज उठून हा विषय काढणार आहे, असं खोटं मी सांगत नाही. ही निवडणूक मला जिंकायची आहे. पण जातीवरून भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा माझ्या टेबलावर आला तर मी सही करीन. ज्यांना हे मान्य नाही, त्यांनी ते आत्ताच समजून मत ठरवावं. नंतर कुणी म्हणू नये की मी लपवलं.”

टाळ्या आल्या, पण सगळीकडून नाही. दुसऱ्या रांगेतला एक माणूस उठला, त्याच्यामागं त्याची बायको, मग आणखी पंधरा-वीस जण. ते ओळीनं, शांतपणे, मधल्या वाटेनं बाहेर गेले. आठव्या रांगेपाशी आले तेव्हा रमाबाईंनी वाट देण्यासाठी आपली पर्स जवळ ओढून घेतली. एकनाथकाका उठले नाहीत. पण हसूही उरलं नव्हतं.

अनुप अजून खालीच बघत होता. त्याचे खांदे हलत होते हे उपासनाला दिसलं, आणि तिनं नजर दुसरीकडं वळवली.

डगचा फोन पाच मिनिटांत आला. तो ओरडला नाही. “तू काही चूक केली नाहीस,” तो म्हणाला. “आकडा खरा दिलास, उमेदवाराला विचारलंस, चोरून काही केलं नाहीस. म्हणून मी तुला काढू शकत नाही. पण ॲरिझोना आता तुझ्याकडं नाही. सोमवारपासून पेनसिल्व्हेनियात, ईरीच्या ऑफिसात जा.”

विमानतळावर तिला देवयानीनं सोडलं. रिकामा, तापलेला फ्रीवे.

“एकनाथकाका म्हणाले, बाई बोलल्या त्याचं इतकं वाईट नाही वाटलं,” देवयानी म्हणाली. “मी शब्द देऊन पाळला नाही, याचं वाटलं. मंडळ आता कुणाच्याच बाजूनं उतरणार नाही.”

“सॉरी. ते माझ्यामुळं झालं.”

“हो, झालं.” तिनं लेन बदलली. “मला एक सांग. दोन वर्षं तू मला का नाही सांगितलंस? मी काय केलं असतं असं वाटलं होतं तुला?”

“काही नाही. तू छान वागली असतीस.”

“मग?”

“पहिल्याच आठवड्यात तुझ्या आईचा फोन आला होता. स्पीकरवर होता. रूममेट कोण आहे, कुठली आहे, असं विचारत होत्या. तू म्हणालीस, काळजी करू नकोस आई, चांगल्या घरची वाटते. मी भाजी चिरत होते. त्यानंतर सांगायचं धाडस झालं नाही.”

देवयानीनं स्टिअरिंगवरचे हात घट्ट केले. “मला आठवत नाही.”

“तुला कसं आठवेल?”

विमानतळाच्या दारात देवयानी गाडीतून उतरली आणि तिनं बॅग काढून दिली. मागची गाडी हॉर्न देत होती. तिनं उपासनाला एकदा घट्ट मिठी मारली आणि निघून गेली. त्यानंतर चार महिने त्यांच्यात कामाचे सोडून मेसेज झाले नाहीत.

ॲरिझोनाची मतमोजणी नोव्हेंबरात पाच दिवस चालली. हॅलरनबाई तिथं सहा हजारांहून थोड्या जास्त मतांनी हरल्या. पण तोवर पेनसिल्व्हेनिया आणि इतर दोन राज्यं हाती आली होती, आणि देश त्यांनी जिंकला होता. ईरीच्या ऑफिसात पोरं एकमेकांच्या गळ्यात पडत होती तेव्हा उपासना लॅपटॉपवर चँडलरचे केंद्रवार आकडे काढत होती. गळती अकरा नव्हती, नऊ होती. नऊ धरले तरी हरलेल्या त्या सहा हजार मतांचा हिशेब जवळपास लागत होता.

देवयानीचा फोन आला. “पाहिलेस?”

“पाहिले.”

“त्या एका उत्तरामुळं गेलं असेल ते राज्य.”

“असेल. नक्की सांगता येणार नाही, पण असेल.”

“डग सगळ्यांना तेच सांगतोय.”

“त्याला सांगू दे. मीही तोच रिपोर्ट लिहीन.”

“मी आईला विचारलं होतं,” देवयानी म्हणाली. “तेव्हाच जूनमध्ये, तू गेल्यावर पुढच्याच आठवड्यात. असं कधी म्हणालो होतो का आपण, म्हणून. तिला आठवत होतं, उपासना. तिला ते चांगलं आठवत होतं.” तिचा आवाज बदलला. “मला तुला भेटायचंय. फोनवर नाही.”

“ये,” उपासना म्हणाली.

मग तिनं चँडलरला फोन लावला. अनुप कामावर होता. त्यानं दुसऱ्या कंपनीत नोकरी घेतली होती आणि ग्रीन कार्डची फाइल नव्यानं सुरू करावी लागली होती. फोन रमाबाईंनी उचलला.

“मतदानाला सकाळी सहालाच जाऊन उभी राहिले,” त्या म्हणाल्या. “हॉस्पिटलातल्या जुन्या मैत्रिणींनाही घेऊन गेले. सगळ्या म्हाताऱ्या, दोघी वॉकरवर. तरी इथं हरलोच ना?”

“तिथं हरलो, मावशी.”

“बाई निवडून आल्या पण.”

“आल्या.”

“मग तो कायदा कधी येणार त्यांच्या टेबलावर?”

“तो आधी काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत मांडावा लागतो. मंजूर व्हावा लागतो. आपली तिथं फार माणसं नाहीत. वर्ष जाईल, दोन जातील. कदाचित होणारही नाही.”

“कुणाला भेटायचं त्यासाठी?”

उपासनानं समोरचा कागद ओढला. खरं म्हणजे ही यादी तिनं अजून केलेली नव्हती. “तुमच्या भागाचे जे खासदार निवडून आलेत त्यांच्यापासून सुरुवात करू,” ती म्हणाली. “त्यांचं ऑफिस तुमच्या शेजारच्या मेसा गावात होणार आहे. जानेवारीत उघडेल.”

“पत्ता सांग,” रमाबाई म्हणाल्या. “थांब, चष्मा घेते.”